‘व’पुढचं टिंब

"हे सु. कोण?"

पीएच.डी. विभागातल्या बाईंनी माझ्या प्रबंधातलं संदर्भसूचीचं, दोनशे सत्त्याऐंशीवं पान माझ्याकडे फिरवलं आणि त्यावर पेनाचं टोपण टेकवलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

"नुसतं सु. नाही, सु. व. बोरसे," मी म्हणाले. "एकच नाव आहे ते."

"इथे तर ‘सु. आणि बोरसे’ असं आलंय. दोन माणसं. अकरा ठिकाणी. आणि खाली बघा, वीस ठिकाणी ‘बोरसे, सु. व.’ असं एकच माणूस. आम्ही काय समजायचं?"

"सॉफ्टवेअरचा घोळ असेल."

"असेल ना. पण या सु.ला आडनाव नाही. लेखकाला आडनाव पाहिजे, नियम आहे. दुरुस्त करून आणा. पाच वाजेपर्यंत."

"उद्या सकाळी आणलं तर?"

बाईंनी माझा फॉर्म उलटा केला. तारखेवर पुन्हा टोपण टेकवलं. माझ्या नोंदणीची मुदत त्याच दिवशी संपत होती. दोन वाढीव मुदती घेऊन झाल्या होत्या, तिसरी मिळत नव्हती. पाचनंतर मी पुन्हा शून्यावर आले असते. नवी प्रवेश परीक्षा, नवा विषय, नवी समिती. सहा वर्षं मातीत.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणायची. त्या दिवशी तो शेंड्यावर मावला नाही. कारण घोळ झाला होता तोही नेमका त्याच नावाचा, ज्या नावासाठी मी एवढी सहा वर्षं घालवली होती.

माझा विषय पांझरा नदीकाठच्या फडांतली पाण्याची भाषा हा होता. फड म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने आणून सगळ्यांच्या शेतांना पाळीपाळीने देण्याची आमच्या धुळ्याकडची जुनी पद्धत. तिचे कायदे कागदावर नव्हते, शब्दांत होते. पाटात पाणी सोडल्यावर ते शेवटच्या शेताच्या बांधाला लागलं की ‘पाणी टेकलं’ म्हणायचे, आणि ‘टेकलं’ म्हटल्याशिवाय वरच्या कोणी दुसरी पाळी घ्यायची नाही. असे साडेचारशे शब्द. ते सगळे मला मिळाले होते धुळ्याच्या एका कधीच्या बंद पडलेल्या मासिकात. एकोणीसशे सत्तर ते बहात्तर, एकतीस छोटे लेख, आणि मग अचानक काहीच नाही. लेखिका, सु. व. बोरसे. त्या भागातल्या शाळांत चौकशी केली तेव्हा एवढंच कळलं की बोरसेबाई म्हणून एक शिक्षिका होत्या, बदली होऊन गेल्या. पहिलं नाव कोणाला आठवत नव्हतं. मी आपली मनातल्या मनात त्यांना सुशीलाबाई म्हणायची.

आणि या सुशीलाबाईंचे शब्द सगळ्यांनी खाल्ले होते. माझे मार्गदर्शक डॉ. यशवंत कुंवर यांनीसुद्धा. त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात ते शब्द ओळीने बसले होते आणि तळटीप एकच होती : ‘एका स्थानिक शिक्षिकेच्या टिपणांवरून.’ ती तळटीप पहिल्यांदा वाचली त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. एका स्थानिक शिक्षिकेच्या! बाईला नाव नव्हतं का? तेव्हाच मी ठरवलं, माझ्या प्रबंधात हे नाव एकतीस वेळा येईल, बत्तीस वेळा येईल, पण पूर्ण येईल.

आणि आता त्या नावाचे दोन तुकडे झाले होते.

ग्रंथालयात पहिल्या मजल्यावर संगणकांची खोली होती. तिथे रफिक पिंजारी बसायचे. ग्रंथालय सहायक, वय पन्नाशीचं, आवाज इतका हळू की पंख्याखाली ऐकू यायचा नाही. विद्यापीठाने संदर्भ ठेवायचं ते सॉफ्टवेअर विकत घेतलं, सगळ्या संशोधकांवर लादलं, आणि ते बिघडलं की निस्तरायला यांना ठेवलं. त्या सॉफ्टवेअरचं नाव मी घेत नाही. आजही घेतलं की तोंड कडू होतं.

"पिंजारी भाऊ, तुमच्या यंत्राने माझ्या बाईंची दोन माणसं केलीत," मी दारातूनच म्हणाले.

"बसा मॅडम. पाणी?"

"पाणी नको. पाच वाजता खिडकी बंद होते."

त्यांनी चष्मा लावला. मी तोवर शहाणपणा करून बसले होते. सूचीतल्या अकराही ठिकाणी ‘सु. आणि बोरसे’ खोडून हाताने ‘बोरसे, सु. व.’ लिहिलं होतं. पिंजारी काही बोलायच्या आत मी दुसऱ्या प्रकरणात एक पान क्रमांक बदलला, आणि सगळी सूची डोळ्यांदेखत थरथरली आणि पुन्हा होती तशी झाली. सु. आणि बोरसे. सु. आणि बोरसे. अकरा वेळा.

"हे मुद्दाम करतंय का?" मी ओरडले. शेजारच्या टेबलावरचा एक संशोधक आपला लॅपटॉप उचलून खिडकीकडे गेला.

"तुम्ही सूचीत दुरुस्त केलं मॅडम. सूची म्हणजे नुसती सावली. खरी नोंद आत, संग्रहात आहे. तिथे बदललं तरच टिकेल."

मग आम्ही संग्रह उघडला. पहिली नोंद काढली तेव्हा कारण कळलं. इंग्रजीवाल्यांनी बनवलेल्या त्या यंत्राला कोणीतरी मराठी शिकवली होती : दोन नावांमध्ये ‘आणि’ किंवा ‘व’ आलं की लेखक दोन समजायचे. आता आपल्याकडे व. कोणाचा नसतो? वसंताचा असतो, वामनाचा असतो, विठ्ठलाचाही लोक वि. सोडून व. करतात. व.पुढे टिंब असलं तर यंत्र त्याला आद्याक्षर मानत होतं. टिंब नसलं की तोडलंच नाव. एकतीसपैकी वीस लेखांवर ‘सु. व. बोरसे’ होतं. अकरा लेखांवर ‘सु. व बोरसे’. टिंब नाही.

"एवढ्या एका टिंबासाठी?" मी म्हणाले.

"एवढ्या एका टिंबासाठी," पिंजारी म्हणाले. "तुम्ही टाईप करताना राहिलं असेल."

"माझ्याकडून काही राहत नाही."

त्यांनी वाद घातला नाही. माझ्या पेन ड्राइव्हमधून मासिकाच्या पानांचे फोटो उघडले आणि एकेक मोठा करून पाहिला. हे त्यांचं काम नव्हतं, आणि माझा जीव घड्याळात अडकला होता. पण ते दाण्यांतून खडा शोधावा तसे पाहत बसले.

"मॅडम, मूळ अंकातच नाहीये टिंब. या अकरांत नाही."

"मग छापखान्याची चूक."

"असेल. पण आपला नियम कसाय, जसं छापलंय तसं नोंदवायचं. चूक वाटली तर पुढे कंसात ‘मुळात असे’ लिहायचं. यंत्राला मी सांगतो, इथे तोडू नको म्हणून."

"म्हणजे बाईंच्या नावापुढे अकरा वेळा ‘मुळात असे’? चुकीचं नाव लिहून वर त्याची दवंडी पिटायची? नाही. टिंब द्या."

त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आणि खरंच दोन माणसं असली तर?"

मी हसले. तसलं हसू मला कोणी हसलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

"भाऊ, सु. असं आडनाव असतं का? नुसतं सु. म्हणून कोणी लेख लिहितं का? जगात कोणत्या बाईने स्वतःला सु. म्हणवून घेतलंय, सांगा मला एक."

"नाही, माझ्या मनात आलं ते बोललो," ते म्हणाले, आणि त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "टिंबं तुम्हीच द्या मग. मी देणार नाही."

तेव्हा मला त्यांचाही राग आला. सरकारी माणूस, जबाबदारी नको म्हणून हात झटकतो असं वाटलं. मी कीबोर्ड ओढला आणि अकरा नोंदींत अकरा टिंबं दिली. भिंतीत खिळे ठोकावेत तशी ठोकली.

एवढ्याने भागलं असतं तर काय हवं होतं. अर्ध्या मिनिटात कोपऱ्यात एक हिरवं चाक फिरायला लागलं, आणि थांबलं तेव्हा माझे एकतीस लेख बेचाळीस झाले होते. आमच्या विभागाचा एक सामाईक संग्रह होता, कुंवर सरांच्या नावावर. माझ्या जुन्या नोंदी तिथे पडून होत्या, त्या त्याने इमानेइतबारे परत आणून दिल्या. टिंबवाल्या अकरा माझ्या, बिनटिंबाच्या अकरा त्यांच्या. मी चिडून बिनटिंबाच्या खोडल्या. त्याबरोबर प्रबंधाच्या आत, तिसऱ्या प्रकरणापासून पुढे, जागोजागी लाल अक्षरं उगवली : ‘संदर्भ सापडला नाही’. एकोणपन्नास ठिकाणी. माझं चौथं प्रकरण, ज्याचं नावच मी ‘पाणी टेकलं’ ठेवलं होतं, ते देवी निघाल्यासारखं दिसत होतं.

दीड वाजला होता. मी डोकं धरून बसले. रडू येत नव्हतं, रडण्याइतकी जागा रागाने ठेवली नव्हती.

तेवढ्यात कुंवर सर आले. विभागातून त्यांना फोन गेला असावा. जेवून, हात पुसत, तोंडात बडीशेप.

"काय निकुंभ मॅडम, एवढं काय अडलंय?"

मी सांगितलं.

"मग काढून टाका की त्या अकरा नोंदी. एकतीसातल्या अकरा गेल्या तर कोण विचारतंय? वीस पुरे झाल्या."

"त्या अकरांत दीडशे शब्द आहेत, सर."

"शब्द राहू द्या. खाली नोंद नको. ‘स्थानिक माहितीवरून’ म्हणा. चालतं तसं."

"चालतं," मी म्हणाले. "तुमच्या पुस्तकात तर एकतीसच्या एकतीस गेल्यात. चाललंच की."

पिंजारी टेबलाखालच्या वायरींमध्ये काहीतरी शोधायला वाकले. कुंवर सरांच्या तोंडातली बडीशेप थांबली.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," ते सावकाश म्हणाले. "मी तुमचा मार्गदर्शक आहे, बाई. त्या बोरसेबाईंनी काय दिवे लावले होते? दोन वर्षं लिहिलं आणि बंद. लग्नबिग्न झालं असेल, संसाराला लागली असेल. आपण नसतो तर ते मासिक उंदरांनी खाल्लं असतं."

"उंदरांनी खाल्लं असतं तर निदान स्वतःच्या नावावर छापलं नसतं."

असं बोलून बसले. प्रबंधाच्या मार्गदर्शक प्रमाणपत्रावर त्यांची सही आधीच झालेली होती, हे माझं नशीब. ते दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "पाच वाजता कळेल कोण कोणाला खातं ते."

ते गेल्यावर भीती वाटत नव्हती. बरं वाटत होतं मला, खोटं कशाला सांगू. एका बाईचं नाव पुसणाऱ्या माणसाला मी तोंडावर बोलले होते. मला वाटलं सुशीलाबाई जिथे असतील तिथे त्यांना उचकी लागली असेल.

पिंजारी वर आले आणि एवढंच म्हणाले, "आधी ते हिरवं चाक बंद करू."

पुढचे दोन तास त्यांनी शांतपणे काम केलं. सामाईक संग्रहाचा दोर तोडला. मी खोडलेल्या नोंदी कचऱ्यातून परत आणल्या, म्हणजे प्रबंधातले धागे जुळले. लाल अक्षरं एकोणपन्नासाची सव्वीस झाली, सव्वीसची चार, चारची शून्य. मग एकेका जोडीतली टिंबवाली नोंद दुसरीवर ठेवून दोन्हींची एक केली, आणि ‘हीच ठेवायची का?’ असं यंत्राने विचारलं की माझ्याकडे पाहायचे. अकरा वेळा विचारलं त्याने. अकरा वेळा मी "हो" म्हणाले, प्रत्येक वेळी जरा जास्त जोरात.

शेवटी त्यांनी सगळे दुवे तोडून सूचीचा साधा मजकूर करून टाकला, म्हणजे यंत्राला पुन्हा हात लावता येऊ नये. एकतीस वेळा ‘बोरसे, सु. व.’ सलग, एकाखाली एक. मला ते पान फार देखणं वाटलं.

बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे दहा पानं बदलून स्पायरल पुन्हा घातलं. पाचला सात मिनिटं कमी असताना मी खिडकीत प्रबंध ठेवला. बाईंनी दोनशे सत्त्याऐंशीवं पान उघडलं, टोपण वरून खाली फिरवलं.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

सात महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली. धुळ्याच्या पेपरात माझा फोटो आला, फोटोखाली चार ओळी, आणि त्यांत मी सांगून घालायला लावलेली एक ओळ : ‘सु. व. बोरसे यांच्या दुर्लक्षित लेखनाचा प्रथमच सविस्तर अभ्यास.’ त्यानंतर आठव्या दिवशी साक्रीहून एका माणसाचा फोन आला. त्याच्या आत्याला, बोरसेबाईंना, तो प्रबंध पाहायचाय.

मी रविवारची वाटही पाहिली नाही. रजा टाकून, जाड बांधणीची प्रत नव्या रुमालात गुंडाळून साक्रीची एस.टी. धरली. वाटेत पेढे घेतले. पायऱ्या चढले तेव्हा भाच्याने आत तोंड करून हाक मारली.

"इंदूआत्या, त्या मॅडम आल्यात!"

इंदू. मी पायरीवरच थांबले. इंदू कशी?

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या, काटक, मांडीवर भिंग. पेढे त्यांनी बाजूला ठेवले. प्रबंध घेतला, पहिलं पान पाहिलं नाही, ऋणनिर्देश पाहिला नाही. शिक्षक जसा वही मागून उघडतो तशी मागून उघडली. भिंग सरकत सरकत गेलं आणि थांबलं. दोनशे सत्त्याऐंशी.

"हे टिंब कोणी दिलं?"

"मूळ अंकात वीस ठिकाणी होतं, बाई. अकरा ठिकाणी छापखान्याकडून राहिलं होतं, म्हणून मी..."

"अकरा ठिकाणी बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "वीस ठिकाणी चूक होती. तू अकराही चुकीची केलीस."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण भाचा दारातून निघून गेला.

"व. म्हणजे कोण वाटलं तुला?"

"तुमचे यजमान... किंवा वडील."

"लग्न मी केलं नाही. वडिलांचं नाव दगडू. आणि माझं नाव इंदुमती. आता सांग, सु. कोण?"

पीएच.डी. विभागातल्या बाईंनी हेच विचारलं होतं. दोन माणसं असली तर, असं पिंजारींनीही विचारलं होतं. मी खाली मान घातली.

"सुंदरा," बाई म्हणाल्या. "फडाच्या जागल्याची बायको. पाटावर राखणीला जो माणूस असतो त्याची. माझी पहिली नेमणूक तिथली. पाटाकाठी तिचं खोपट होतं, शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे. ती सांगायची, मी लिहायचे. तिला अक्षर येत नव्हतं आणि मला पाण्यातलं काही कळत नव्हतं. ‘पाणी टेकलं’ हे तू प्रकरणाला नाव दिलंयस ना? मला तो अर्थ समजेना म्हणून माझा हात धरून शेवटच्या बांधापर्यंत नेलं होतं तिने. गुडघाभर चिखलातून."

"मग नाव पूर्ण का नाही घातलंत?" मी विचारलं. या प्रश्नातही माझा राग होता, अजून जिरला नव्हता.

बाईंनी प्रबंध मिटून मांडीवर ठेवला.

"फडाचे पंच होते. पाण्याचे कायदे जागल्याची बायको सांगते, तेही छापून, हे त्यांना चाललं असतं? मी तिच्या घरचं पाणी पिते हेच गावाला खुपत होतं. मी तिला विचारलं, नाव घालू का? ती म्हणाली, ‘बाई, मनं नाव नका टाकू. धनीनी चाकरी जाई.’ नवऱ्याची चाकरी गेली असती. मी म्हटलं बरं. मी वही मिटली. मग ती माझ्यामागे बांधापर्यंत आली आणि म्हणाली, ‘पन थोडंसं टाका.’"

बाईंनी भिंग पालथं ठेवलं.

"थोडंसं. म्हणून सु. घातलं. आधी तिचं, मग ‘व’, मग माझं आडनाव. ‘सु. व बोरसे.’ छापखान्यातल्या कंपोझिटरला वाटलं बाईच्या नवऱ्याचं अक्षर आहे, त्याने टिंब ठोकलं. कधी ठोकायचा, कधी विसरायचा. मी त्याला पत्र लिहायला पाहिजे होतं. नाही लिहिलं. टिंब असलं की एकटीचंच नाव वाटायचं, कोणी विचारायचं नाही. मला ते सोयीचं पडलं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बहात्तरच्या दुष्काळात नवरा-बायको खडी फोडायला गेली, परत आली नाहीत. मग मी कशाचं लिहिणार होते?"

कुंवर सर म्हणाले होते, लग्नबिग्न झालं असेल. मी त्यांना उंदरापेक्षा हलकं ठरवलं होतं. त्यांनी निदान ‘एका शिक्षिकेच्या’ म्हटलं होतं. मी तर सुंदराला मिळालेलं थोडंसंही अकरा वेळा हो म्हणून पुसलं होतं, आणि वर पेढे घेऊन आले होते. स्वतःची एवढी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती, नंतरही आलेली नाही.

"तिचं आडनाव काय होतं, बाई?"

"जागल्याची सुंदरा म्हणायचे सगळे. मीही. दोन वर्षं रोज जात होते, पण आडनाव विचारलं नाही कधी."

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात गेले. कुंवर सर म्हणाले, पदवी झाली आता, कशाला हात दाखवून अवलक्षण. मी ग्रंथालयात गेले. पिंजारी होते तिथेच होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ‘मी म्हणालो होतो’ असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि नवी नोंद उघडली. पहिल्या लेखकाच्या जागी ‘सुंदरा’ टाईप केलं आणि जतन करायला गेले. चौकट लाल झाली. खाली ओळ आली : ‘आडनाव आवश्यक आहे.’

"काय भरू?" त्यांनी विचारलं.

याच खोलीत, याच टेबलाशी मी ओरडले होते, जगात कोणत्या बाईने स्वतःला सु. म्हणवून घेतलंय म्हणून.

"काही भरू नका," शेवटी मी म्हणाले. "कागद आहे का एखादा?"

त्यांनी कार्डाच्या खोक्यातून एक कोरं कार्ड काढून दिलं. मी शुद्धिपत्र लिहिलं, हाताने. पिंजारींनी कपाटातून माझ्या प्रबंधाची प्रत आणली, डिंकाची बाटली आणली आणि दोनशे सत्त्याऐंशीव्या पानासमोर कार्ड चिकटवलं. मग चष्मा लावून वाचलं.

‘या सूचीत सर्वत्र सु. व. बोरसे याऐवजी सुंदरा व इंदुमती बोरसे असे वाचावे. व-पुढील टिंब माझे. – रेवती निकुंभ.’

"मॅडम, मधलं वाक्य शुद्धिपत्रात बसत नाही," ते हळूच म्हणाले. "कोणी दिलं ते लिहायची पद्धत नाही."

"राहू द्या," मी म्हणाले.

त्यांनी कार्डावर तळवा ठेवला आणि डिंक धरेपर्यंत दाबून ठेवला.